मोतीलालभाऊंचा किलो

रूपाच्या लग्नात तिच्या वडिलांच्या हातून एकच चूक झाली. पण ती भर पंगतीत झाली.

वरण-बट्टी चालली होती. वाढपी वांग्याची भाजी फिरवत होता आणि वरपक्षाची मंडळी चोपड्याकडची वांगी कशी मोठी, केळी कशी लांब, एकूणच इकडचं सगळं कसं भरघोस, याचं कौतुक आपसातच करून घेत होती. मोतीलालभाऊ धुळ्याचे. मुलीकडूनही काहीतरी मोठं असायला हवं असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, "आमच्या गच्चीवर टमाटा होतो. एक टमाटा, एक किलो."

पंगत थांबली. रूपाचे सासरे चुडामण आबा म्हणजे केळीत जन्म घालवलेला माणूस. बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, "म्हणजे किलोले एकच चढस?"

"एकच."

"आन अर्धा किलो लागना, तर?"

हसता हसता दोघांना ठसका लागला आणि एकाच्या पाठीत धपाटे घालावे लागले. मोतीलालभाऊही हसले, कारण त्यांना वाटलं विनोद कुणा तिसऱ्यावर झालाय.

त्या दिवसापासून त्या घरात 'मोतीलालभाऊंचा किलो' हे माप सुरू झालं. दुधात पाणी निघालं की ते मोतीलालभाऊंचं लिटर. रूपाचा नवरा योगेंद्र "पाच मिनिटांत आलो" म्हणून गावात जायचा आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उगवायचा. ती मोतीलालभाऊंची पाच मिनिटं. सासूबाई, म्हणजे ताईबाई, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा त्याच मापात मोजू लागल्या. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. वाईट असता तर रूपाला निदान भांडता आलं असतं. ती सगळ्यांबरोबर हसायची आणि मग मोरीत जाऊन पातेली गरजेपेक्षा जास्त घासायची.

कारण वडिलांनी सांगितलेलं वजन खोटं असू शकतं, हे तिच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. मोतीलालभाऊ एसटीत कंडक्टर होते. टपावर चढवायचं पोतं ते एका हातानं जरा उचलत, डोळे मिटत आणि सांगत, "पंचेचाळीस किलो. लगेजचं तिकीट काढा." एकदा साक्रीच्या एका प्रवाशानं हुज्जत घालून आपली पाटी स्टँडसमोरच्या दुकानात तोलून आणली. वजन बरोबर निघालं. त्यानं तिकीट तर काढलंच, वर पाटीतला एक भला थोरला, अंगावर घड्याच घड्या पडलेला टमाटा मोतीलालभाऊंच्या हातात ठेवून नमस्कार केला. त्याचंच बी पुढे गच्चीवर लागलं. पिकलेला टमाटा वडील लहानग्या रूपाच्या तळहातावर ठेवत आणि विचारत, "किती?" ती म्हणायची, "किलो." ते म्हणायचे, "शाब्बास." संपला विषय. त्या घरात तराजू नव्हता. वडील असताना तराजू आणणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

दुसऱ्या वर्षी गणपती उठल्यावर रूपा माहेरून पुडीत बी घेऊन आली. घरामागे, मोरीचं पाणी जातं त्याच्या पलीकडे, तिनं ते लावलं. ठरवलं होतं ते एवढंच, की एक तरी टमाटा किलोचा काढायचा, या सगळ्यांच्या समोर तोलायचा आणि मग आयुष्यात पुन्हा त्या विषयावर बोलायचं नाही. रोपं पाच आली. काही कोंबड्यांनी नेली, एक शेजारच्या बकरीनं, आणि एक ताईबाईंनी गवत समजून उपटलं. उरलं एक.

आणि एका सकाळी ते एक आबांना दिसलं.

गुडघ्यांमुळे आबांचं शेतात जाणं बंद झालं होतं. केळीची बाग योगेंद्र बघायचा. आबा दिवसभर घरात बसून टीव्ही बघायचे आणि मालिकेत कुणाच्या अंगणात कुंडी दिसली की तिला पाणी जास्त झालंय म्हणून सांगायचे. त्या सकाळी ते दात घासत मागच्या दारी गेले, तर टमाट्याचं रोप एका अंगाला कलंडलेलं.

"हाई काय शे?"

"टमाट्याचं झाड, आबा."

"मोतीलालभाऊना?"

"हो," रूपा म्हणाली आणि हसण्याची वाट बघत उभी राहिली.

पण आबा हसले नाहीत. केळीवाल्या माणसाला जगात काहीही बघवतं, वाकलेलं झाड बघवत नाही. दुपारपर्यंत त्या वीतभर रोपाशेजारी सहा फुटी बांबू उभा राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बांबूच लावलाय आणि त्याच्या बुडाशी तण उगवलंय.

तिथून पुढे आबांनी टमाट्याची केळी केली. दुसरं पीक त्यांना येतच नव्हतं. केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, ती वेळच्या वेळी काढावी लागतात, नाहीतर घड बारीक राहतो. टमाट्याच्या बगलेत फुटणारे कोंब आबांनी पिलं समजून रोज सकाळी खुडायला घेतले. केळीला ठिबक लागतं. शेतातून नळीचा एक तुकडा आला आणि एका झाडासाठी एक ड्रिपर टपटपू लागला. वाऱ्याला आडोसा म्हणून पश्चिमेला गोणपाटाचा पडदा लागला. केळीच्या वाळल्या पानांचं बुडाशी आच्छादन झालं. रूपाला आधी धडकी भरली. मग तिनं मोबाइलवर मोठ्या टमाट्याचे व्हिडिओ शोधले, तेव्हा तिला कळलं, की टोपी घातलेली कुणी परदेशी बाई बगलेतले कोंब खुडा, बूड झाका, पाणी सारखं आणि थोडं द्या, असं जे कळवळून सांगतेय, ते सगळं आबांनी तिला न विचारता केलंय. तिनं तो व्हिडिओ आबांना दाखवला नाही. बाईचं झाड आबांच्या झाडापुढे फारच रोडावलेलं होतं. आबांनी उगाच तिची काळजी केली असती.

झाड पुरुषभर झालं, खोड अंगठ्याएवढं. एका सकाळी आबा मागच्या दारातून ओरडले, "निसवना! ताईबाई, निसवना!"

केळीचा घड बाहेर पडतो त्याला निसवणं म्हणतात. ताईबाई हातातलं लाटणं-पोळपाट टाकून धावत आल्या आणि त्यांना एक पिवळं फूल दाखवण्यात आलं.

"माय वं," ताईबाई म्हणाल्या. "माले वाटनं सुनले काही व्हयनं."

फुलं धरली, चार-पाच गोट्यांएवढी फळं दिसू लागली. दुसऱ्या दिवशी रूपा पाहते तो त्यातलं एकच शिल्लक. बाकीची आबांच्या धोतराच्या ओच्यात.

"आबा! हे काय केलं?"

"एक झाड, एक घड," आबा म्हणाले.

"पण आता एकच राहिला. तोही गळला तर?"

"तुना बापनी पंगतमा काय सांगेल शे? एक टमाटा, एक किलो." आबांनी ओचा झटकला. "मंग आपन एकच ठेवूत. दुसरा काय करना शे?"

ही थट्टा होती, की नव्हती, ते रूपाला कळेना. आबांच्या चेहऱ्यावर तर काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून तिनं त्यांच्या हाताकडे बघायला सुरुवात केली. सुपारी फोडताना थरथरणारा हात टमाट्यापाशी गेला की थरथरायचा नाही. माती चिमटीत धरून ते पाणी बंद करायचे किंवा चालू ठेवायचे, आणि त्यांनी कधी चूक केल्याचं तिला दिसलं नाही.

आणि टमाटा वाढू लागला. लिंबाएवढा झाला तोवर घरात कुणी लक्ष दिलं नाही. कवठाएवढा झाला तेव्हा योगेंद्र बागेतून आला की आधी मागच्या दारी जायला लागला. त्याच्या अंगावर घड्या पडल्या, खांदे फुटले, बसायची एक अशी ऐट आली, की तो फांदीला लटकलेला नसून फांदी त्याच्यामुळे टिकलेली वाटावी. ताईबाईंच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आबांनी त्याला झोळी बांधली. किडीपासून जपायला बागेतल्या घडांना घालतात ती पिशवी आणून त्याला घातली. ती पिशवी आख्ख्या घडाच्या मापाची. टमाट्याच्या अंगावर ती लग्नात थोरल्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखी दिसत होती.

पौषात थंडी पडली. थंडीत पहाटे केळीच्या बागेत धूर करतात, म्हणजे झाडाला गारवा बाधत नाही. आबांनी मागच्या दारी ओल्या काडीकचऱ्याचा धूर केला. धूर इतका उत्तम झाला, की शेजारचे शालिग्रामनाना पाण्याची बादली घेऊन भिंतीवरून उतरले.

"कोठे लागनी आग?"

"आग नही. टमाटाले थंडी वाजी राहिनी."

शालिग्रामनानांनी बादली खाली ठेवली. मग त्यांनी पिशवीचं तोंड वर करून आत पाहिलं, "ह्या!" असं म्हणाले आणि आणलेलं पाणी झाडाच्या बुडाशी ओतू लागले. आबांनी त्यांचा हात धरला. पाण्याची वेळ नव्हती.

टमाटा अंगानं भरला होता पण रंगानं हिरवाच होता. रूपानं धुळ्याला फोन लावला. "बाबा, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी भरीत खायला या. तोवर पिकेल." मोतीलालभाऊंनी पुढच्याच रविवारचं सांगितलं; नंतर त्यांना एका लग्नाला जायचं होतं. "चालेल," रूपा म्हणाली. नुसतं तोलायचं तर हिरवाही चालला असता. आबा दारात बसून ऐकत होते. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

मंगळवारी रूपा बाजारातून आली. मागच्या दारी गेली. झोळी रिकामी होती.

आबा ओट्यावर बसले होते. मांडीवर गोधडीची घडी, घडीत टमाटा, वर चार बोटं देठ राखलेला. एखादं मोठं काम वेळेत हातावेगळं केलेल्या माणसाचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

"कापी लिधा," ते म्हणाले. "तीन हिस्सा भरना व्हता. रविवारले गिऱ्हाईक येवाव शे. पाच दिनमा पिकी जाई."

रूपाच्या हातातली पिशवी खाली गेली. "आबा, टमाटा झाडावर पिकतो."

"झाडवर?"

"हो. तिथंच ठेवतात. रविवारपर्यंत अजून भरला असता."

आबा विचारात पडले. केळी तीन हिस्से भरली की हिरवी कापायची, हिरवी पाठवायची, गिऱ्हाइकाच्या दारात पिवळी व्हायची. जन्मभर दुसरी तऱ्हा त्यांनी पाहिली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "झाडवर पिकस, तर मंग गाडी कशी भरतस?"

रूपानं हात पुढे केला. तिनं टमाटा तळहातावर घेतला. डोळे आपोआप मिटले. वडिलांचा हात तिच्याकडे आला होता, आणि त्या हातानं तिला जे सांगितलं ते तिला नको होतं. जेमतेम किलो होता. रविवारपर्यंत सुकून कमी होणार.

आबांनी तिचा चेहरा बघितला. त्या संध्याकाळी मोतीलालभाऊंच्या कुठल्याही मापाचा घरात उल्लेख झाला नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ताईबाईंनी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दुखऱ्या गुडघ्यांनी योगेंद्रच्या गाडीवर मागे बसले आणि टमाटा पोटाशी धरून चांदभाईंकडे गेले. चांदभाई केळीचे व्यापारी. आबांचा माल वर्षानुवर्षं तेच घेत, दर कटाईला दोघांचं भांडण होई आणि दर भांडणानंतर चहा. त्यांच्याकडे केळी पिकवायच्या थंड खोल्या होत्या.

"आबा, केळ्यांच्या खोलीत टमाटा?" चांदभाई म्हणाले. "मालाला कळलं तर रुसून बसेल."

"पन पिकी का नही?"

"पिकेल. केळीच्या संगतीत दगड सोडून सगळं पिकतं." चांदभाईंनी टमाटा हातात घेतला आणि त्यांचा थट्टेचा सूर गेला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. "आबा, हे तुम्ही काढलं?"

"सुननी. मी फक्त कापा."

ट्रकभर केळ्यांच्या मधोमध, एका स्वतंत्र क्रेटमध्ये, पेंढ्यावर त्या टमाट्याचा मुक्काम पडला. चांदभाईंनी रोज फोन करून त्याची खुशाली कळवली. गुरुवारी गाल पिवळसर झाले. शुक्रवारी लाली आली. शनिवारी ते म्हणाले, "आबा, आता बघवत नाही, इतका देखणा झालाय. खोलीवर काम करणारी माणसं वाट वाकडी करून बघून जातायत."

रविवारी मोतीलालभाऊ सकाळच्या एसटीनं आले. भरीत तयार होतं, कळण्याच्या भाकरी तव्यावर होत्या. चांदभाई आले ते एका हातात क्रेट आणि दुसऱ्या हातात इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन. ओट्यावर काटा मांडला. आवाज न करता शालिग्रामनाना भिंतीवर येऊन बसले. क्रेटवरचं फडकं काढलं.

क्षणभर कुणी वजनाचं नावच काढलं नाही. तांबडा म्हणजे किती तांबडा! एकेका घडीत वेगळी छटा, खांद्यावर अजून हिरवटपणाची एक रेघ, आणि कातडी अशी ताठ की बोट लावलं तर वाजेल. ताईबाईंनी पदरानं तो पुसला, आणि मग पदर आपल्या डोळ्यांना का लावला ते त्यांनाच माहीत.

काट्यावर ठेवला. एक किलो, बारा ग्रॅम.

योगेंद्रनं टाळी वाजवली. रूपाचा श्वास मोकळा झाला. तेवढ्यात जन्मभराच्या सवयीनं चांदभाईंच्या तोंडून निघून गेलं, "दांडा वजा."

सगळे त्यांच्याकडे वळले. केळीच्या घडाचा दांडा वजनातून वजा करतात. पण ही वेळ आणि हे घर?

"चांद!" आबा गरजले. "हाई केळं नही शे!"

"आबा, रागावू नका. पण देठासकट किलो भरवला, तर उद्या हीच मंडळी म्हणतील, देठाचा किलो."

"बरोबर बोलतात चांदभाई," रूपा म्हणाली.  वर्षभर जे भांडण तिनं मनात भांडलं होतं, त्यात देठाची भर तिला नको होती. तिनंच पुढे होऊन तो चार बोटांचा जाडजूड देठ खुडला आणि टमाटा पुन्हा ठेवला.

नऊशे अडुसष्ट.

कुणी हसलं नाही. हसण्याची वेळ आली होती आणि कुणालाच हसू येत नव्हतं. रूपा खाली बघत होती. मोतीलालभाऊ काट्याकडे अशा नजरेनं बघत होते, जशा नजरेनं त्यांनी साक्रीवाल्याच्या तोलून आणलेल्या पाटीकडे पाहिलं असेल.

आबा गुडघ्यांवर हात देऊन उठले. "चांद, गाडीले तू घट धरस का नही?"

"धरतो. वाटेत माल सुकतो, वजन घटतं. ते आधीच कापावं लागतं."

"कितली?"

"शंभराला चार."

"हाऊ टमाटा मंगळवारले कापेल शे. मी कापेल शे, मन्ही चूक. झाडवर ऱ्हाता तर वाढता. पाच दिन तुन्या खोलीमा व्हता. घट व्हयनी का नही?"

"झाली असणार."

"जनमभर तू मन्या मालनी घट वजा करी." आबांनी काट्यावर बोट ठेवलं. "आज जोड."

 व्यापारात असं कधी झालं नव्हतं. पण चांदभाईंनी खिशातून मोबाइल काढला आणि हिशेब केला. "एक किलो, सहा ग्रॅम," ते म्हणाले. आणि स्वतःलाच नवल वाटल्यासारखं पुन्हा म्हणाले, "किलो भरून वर सहा."

"व्हयना किलो," आबा म्हणाले. "मोतीलालभाऊ, तुमी हातमा लिसन देखा."

मोतीलालभाऊंनी टमाटा तळहातावर घेतला. डोळे मिटले.  मग त्यांनी डोळे उघडले आणि अगदी भारावून, अगदी निरागसपणे म्हणाले, "आबा, काय माल काढलात! एवढा मोठा माझ्या गच्चीवर कधी झालाच नाही."

योगेंद्रनं रूपाकडे पाहिलं. ताईबाईंनी योगेंद्रकडे पाहिलं. भिंतीवर शालिग्रामनाना पुढे झुकले. वर्षभर ज्या गोष्टीवर सगळं घर हसलं, तिची कबुली त्या माणसानं आपणहून, आनंदानं, स्वतःला पत्ताही न लागता देऊन टाकली होती. रूपाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला आणि काट्याला एकदमच पोटात घेईल तर बरं.

आबांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, गच्चीवरला तुमी कधी काटावर तोला व्हता?"

"नाही. काटा कुठं होता आमच्याकडे?"

"मंग कसं सांगतस लहान व्हता?"

"नजरेनं वाटतं तसं."

"नजरनं काय व्हस?" आबा चिडले. "तुमना हात काय सांगे?"

"हात म्हणायचा, किलो."

"मंग किलोनाच व्हता." आबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, ती नजर योगेंद्रवर जरा जास्त थांबली. "हात खोटा नही ऱ्हास. ह्या घरमा आते त्यावर कोनी बोलानं नही. ताईबाई, भाकरी वाढ."

रूपा भाकऱ्या आणायला आत गेली आणि चुलीपुढे बसून, धूर नसताना, डोळे पुसत राहिली. मागून आबांची हाक आली. टमाटा घेऊन ते पाटावर येऊन बसले होते; तिनं तो कापला. एकेक काप बशीएवढा, गर मांसल, आणि बी मात्र जेमतेम. रूपानं ते पेल्यातल्या पाण्यात भिजायला घातलं. आबांनी एक बी बोटावर घेतलं. केळीला बी नसतं. ती पिलांवरून लागते.

"ह्यामातीन तो?" त्यांनी विचारलं.

"यातूनच, आबा."

आबांनी ते बी उजेडाकडे धरलं, चष्मा पुसून पुन्हा धरलं आणि मोतीलालभाऊंना आत बोलावून दाखवलं, जणू काही ते त्यांनी पाहिलंच नसेल. मोतीलालभाऊंनीही पहिल्यांदाच बघत असल्यासारखं पाहिलं. मग दोघं मागच्या दारी गेले. पिशवी, झोळी, पडदा, ठिबक, एकेक वस्तू आबा समजावून सांगत होते, आणि मोतीलालभाऊ प्रत्येकीला मान डोलावून "वा" म्हणत होते. भरीत थंड झालं, पण हाक मारायला कुणी गेलं नाही.

पुढच्या कटाईला चांदभाईंचा काटा बागेच्या बांधावर लागला आणि पहिल्याच घडाच्या दांड्यावरून नेहमीचं भांडण सुरू झालं. योगेंद्रनं घरी फोन केला आणि स्पीकरवर टाकला. चांदभाई एकीकडून, योगेंद्र दुसरीकडून. आबांनी ओट्यावरून दोघांचं ऐकून घेतलं.

"काटा ठेव बाजूले," ते म्हणाले. "धुयाले फोन लाव. दुपारनी एसटीनं मोतीलालभाऊले बलाव."